ठेंगणीवाले

मोठ्या कंपनीच्या मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आमच्या मशीनकडे धड पाहिलंसुद्धा नाही. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मशीन पुसून चकचकीत करून टेबलावर मांडलं होतं. शेजारी जाड, पातळ आणि सुळसुळीत कापडांचे तुकडे ठेवले होते, आणि तिन्हींवर एकसारखा टाका कसा पडतो ते दाखवायला हे सकाळपासून बाह्या सरसावून उभे होते. मॅडम म्हणाल्या की शिलाई मशिनं काय, आता कुणीही करतं. मग त्यांनी फोन काढला, आमच्या गिऱ्हाइकांच्या गटाचं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "आम्हाला ही माणसं हवीत."

ह्यांनी हातातलं फडकं घडी करून खाली ठेवलं. चहासुद्धा न घेता आतल्या खोलीत निघून गेले.

पुढचं बोलणं मी आणि माझ्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, केलं. अट साधी होती. येत्या शनिवारी मॅडम परत येणार, तेव्हा ही माणसं त्यांना डोळ्यांनी पाहायची होती, त्यांच्याशी बोलायचं होतं. माणसं खरीच इतकी जीव लावणारी असली तर त्यांची कंपनी आमचा कारखाना आहे तसा विकत घेणार, तो चालू राहणार आणि हे त्यांच्या जागेवर राहणार. नाही तर त्यांना फक्त मशीनचं नाव आणि साचे घेण्यात रस होता. म्हणजे कारखान्याला कुलूप, आणि विकण्यावाचून आम्हाला गत्यंतर उरलं नव्हतं. मॅडम हे सगळं अगदी गोड आवाजात बोलल्या, आणि भाऊजींनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मान डोलवण्यात भाऊजींचा हात धरणारा कुणी नाही.

मला कारखान्याची नाही, ह्यांची काळजी होती. मागणी आटल्यापासून कारागीर एकेक करून दुसरीकडे गेले होते, पण हे रोज सकाळी ठरल्या वेळेला जात, शटर उघडत, आपल्या बाकापाशी बसत आणि तेच एक मशीन पूर्ण खोलून पुन्हा जोडत. संध्याकाळी घरी येऊन दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून पडत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मी कधी रिकामा बसलेला पाहिला नव्हता. आता तो नुसता बसलेला नव्हता, विझत चालला होता. हा बाक गेला की ह्यांचं काही खरं नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

आता माणसं कुठून आणायची? कारण खरं सांगायचं तर तो गट केव्हाच ओस पडला होता.

आमचं मशीन बुटकं आणि रुंद. पहिल्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी त्याला ठेंगणी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. पुढे आम्हीही पत्र्यावर तेच कोरायला लागलो, आणि मशीन घेणारे स्वतःला ठेंगणीवाले म्हणवायला लागले. ह्यांची एक विचित्र रीत होती. मशीन विकत घेणाऱ्याने ते आमच्यासमोर बसून पूर्ण खोलायचं, पुन्हा जोडायचं, त्यावर एक शिवण मारून दाखवायची आणि मगच घरी न्यायचं. पैसे दिले म्हणून मशीन हातात मिळत नसे. लोक आधी वैतागत. मला नीटनेटक्या कपड्यातली ती माणसं आठवतात, हात काळे झालेली, खालचा दोरा धरणारं शटल चुकीच्या बाजूने बसवून घामाघूम झालेली. हे शेजारी हाताची घडी घालून बसत आणि एक शब्दही मदत करत नसत. मदत करायची ती शेजारी बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने. तास-दीड तासाने दोघं एकमेकांचे फोन नंबर घेऊन, हसत हसत बाहेर पडत.

गट असा सुरू झाला. मी फक्त त्याला खतपाणी घातलं. आलेल्या प्रत्येकाला मी हाक मारायची, कुणाचा दोरा गुंतला तर ज्याचा मागच्या आठवड्यात गुंतला होता त्याच्याकडे धाडायची, महिन्यातून एकदा कारखान्यात सगळ्यांना बोलवायची. शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारे निवृत्त बसवाले काका, नाटकमंडळींचे कपडे शिवणारा तो दाढीवाला, ही सगळी एकमेकांच्या आजारपणात जाऊन बसायला लागली होती. मी त्यांची वहिनी आणि हे दादा.

मग भाऊजी कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी गुणपद्धत आणली. प्रश्न विचारला की पाच गुण, उत्तर दिलं की दहा. गुण जास्त झाले की माणूस रौप्य, मग सुवर्ण, आणि सुवर्णाला टोपी. मी कपाळावर हात मारून घेतला, पण भाऊजींपुढे कुणाचं काय चालतं. दोन साडू होते, ते रोज सकाळी एकमेकांना विचारायचे, सुई कशी ओवायची, आणि एकमेकांना उत्तर द्यायचे. महिन्याभरात दोघं टोप्या घालून फिरायला लागले. पान ओसंडून वाहत होतं. मॅडमच्या फोनवर दिसलं ते हेच. आणि त्या गर्दीत एका बाईने लिहिलं होतं की तिचं मशीन अडलंय आणि हातात पोराच्या ऑपरेशननंतर घालायचे सैल कपडे आहेत, उद्या सकाळी लागणार आहेत. तिच्या खाली पस्तीस जणांनी सुई कशी ओवायची ते लिहिलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. त्यानंतर जी खरी माणसं होती ती मुकाट्याने निघून गेली.

भाऊजींना मी तेव्हाही सुनावलं होतं आणि मॅडम गेल्यावर पुन्हा सुनावलं. ते बिचारे खुर्चीत बसले आणि रडायलाच लागले. मग मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

सोमवारपासून मी फोन लावायला बसले. काहींचे नंबर बदललेले, काही उचलेनात. ज्यांनी उचलले ते आवाज ऐकून आनंदले, घरच्यांची चौकशी केली आणि शनिवार म्हटल्यावर अडखळले. शनिवारी जरा काम आहे, म्हणाले. सगळ्यांना शनिवारीच काम. बुधवारपर्यंत एकाही माणसाचं नक्की नव्हतं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. टोपीवाल्या साडूंनी मात्र येतो म्हणून कळवलं, किती गुण मिळतील तेही विचारलं.

शेवटी मी उठून शिवणबाईंच्या घरी गेले. बाई दारातच गडबडल्या. मी आत जाऊन बसले आणि सरळ विचारलं की शनिवारी सगळ्यांना असं कोणतं काम निघालंय. बाईंना खोटं बोलता येत नाही. टेबलावरचे धाग्याचे तुकडे वेचत म्हणाल्या, "वहिनी, आम्ही दर शनिवारी भेटतो. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वाईट वाटलंच. पण राग धरायला माझ्याकडे सवड नव्हती. कुठे भेटता, एवढंच विचारलं. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाची मागची खोली होती. इतर दिवशीही दुपारी कुणी ना कुणी तिथे असतं, असं कळल्यावर मी बाईंना तशीच उठवून सोबत घेतलं.

त्या खोलीत वाफेचा आणि साबणाचा वास कोंदलेला होता. लांबलचक टेबलाभोवती आठ-दहा माणसं, आणि टेबलावर मशिनं. त्यातल्या निम्म्याहून जास्त ठेंगण्या नव्हत्याच. उंच, नाजूक, रंगीत, भलत्याच कंपन्यांची मशिनं, आणि त्यांचीही पोटं उघडून ठेवलेली. एक अनोळखी पोरगी शटल काढत होती आणि बसवाले काका शेजारी हाताची घडी घालून, एक शब्दही मदत न करता बसले होते. हुबेहूब ह्यांच्यासारखे. मला हसावं की रडावं कळेना.

मला पाहून सगळे उठले. खुर्ची दिली, चहा आला. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मागणी कशी आटली ते, मॅडमची अट, शनिवार. कुणाकडे काही मागायची मला सवय नाही, आजवर मी ह्या माणसांना फक्त दिलेलं होतं. पण त्या दिवशी मी हात जोडले. म्हटलं, "एवढा एक शनिवार द्या. तुमच्या दादांसाठी."

बसवाले काकांनी माझे जोडलेले हात धरून खाली केले. "आधी का नाही सांगितलंत? सगळे येऊ. मशिनं घेऊन येऊ. त्या मॅडम तोंडात बोट घालतील असं काहीतरी करून दाखवू."

माझ्या जिवात जीव आला. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले की शनिवारी निळा सदरा इस्त्री करून ठेव. त्या रात्री पोटभर जेवले. मी पानात वाढत राहिले आणि हे नको म्हणाले नाहीत.

शनिवारी कारखाना माणसांनी फुलून गेला. मी पन्नासेक धरून चालले होते, त्याच्या दुप्पट आले. जुने तर आलेच, त्यांनी शिकवलेले नवेही आले. काहींनी ठेंगणी पाठीवर बांधून आणली होती, एका जोडप्याने ती बाळाच्या गाडीत घालून आणली आणि बाळ कडेवर. दाढीवाल्याने आपल्या नाटकातल्या राजाचा अंगरखा आणला. भाऊजींनी लावलेला मोठा रंगीत फलक कुणीतरी काढून त्याची घडी केली होती आणि त्यावर मशिनं मांडली होती. हे निळ्या सदऱ्यात दारापाशी उभे होते आणि येणारा प्रत्येक जण त्यांचा हात हातात घेऊन मगच आत जात होता. ह्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

मॅडम आल्या आणि दारातच थबकल्या. खरंच चकित झाल्या होत्या त्या, नाटक नव्हतं. भाऊजी माझ्या कानाशी येऊन पुटपुटले की वहिनी, जिंकलो.

मॅडम एकेकाशी बोलायला लागल्या. शिवणबाईंना त्यांनी विचारलं की हे मशीन केव्हा घेतलं. बाईंनी सांगितलं की मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा, आता मुलीची मुलगी त्यावर शिवते. बाईंनी मशीनच्या पाठीवरून हात फिरवला. मॅडमनी विचारलं की मग दुसरं घेतलं का. बाईंना प्रश्नच कळला नाही. "दुसरं कशाला? हे चालतंय की."

मॅडम हसल्या आणि पुढे गेल्या. दाढीवाल्याने त्यांना सांगितलं की त्याची ठेंगणी एकदा गच्चीवरून खाली पडली होती, तर गटातल्या चौघांनी एका रविवारी बसून उभी केली. कारखान्यात आणावी लागली नाही, हे तो छाती फुगवून म्हणाला. मॅडमनी विचारलं की सुटे भाग तरी आमच्याकडून, म्हणजे कारखान्यातून, घेता ना. तो म्हणाला की छे, ज्याचं मशीन अगदीच गेलं त्याचे भाग आम्ही वाटून घेतो, आणि बरेचसे आता तो समोरचा लेथवाला करून देतो. लेथवाला लांबून हात हलवत होता.

माझ्या पायाखालची जमीन सरकायला लागली ती तिथे. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो वाईट झाला नव्हता, उलट मऊ झाला होता, आणि म्हणूनच मला धडकी भरली. ज्या ज्या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता ती प्रत्येक गोष्ट त्या मनातल्या मनात उलट्या बाजूला मांडत होत्या. आणि आमची माणसं हौसेने एकेक गोष्ट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवत होती. मी गर्दीतून वाट काढत बसवाले काकांपाशी गेले, कारण आता त्यांचा नंबर होता. त्यांच्या कानात म्हटलं की काका, नवीन ठेंगणी निघाली तर घेणार आहे असं सांगा, पाया पडते.

काकांनी मान हलवली. मॅडम समोर आल्यावर ते खळखळून हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी म्हणतात, नवीन घ्या म्हणून सांगा. पण खोटं कशाला बोलू? दादांनी केलेली ही बया मरतच नाही. आणि मरायला लागली तर आम्ही मरू देत नाही."

सगळा कारखाना हसला. टाळ्या वाजल्या. हेसुद्धा हसले. मला त्या क्षणी त्या भल्या माणसाचं तोंड हाताने दाबून धरावंसं वाटलं. इतक्या चांगुलपणाचा मला कधी इतका राग आला नव्हता.

आतल्या खोलीत मॅडमनी आम्हा तिघांना बसवलं. त्या ह्यांच्याकडे पाहून बोलत होत्या, आणि आदराने बोलत होत्या. म्हणाल्या की अशी माणसं मी कुठे पाहिली नाहीत. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मी ह्या माणसांना काय विकू? त्यांना काही लागतच नाही."

भाऊजी म्हणाले की वाढवता येईल, शिबिरं घेऊ, गुण देऊ. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नाव आणि साचे घेऊ, म्हणाल्या. मशीन त्यांच्याच कारखान्यात होईल, बंद पेटीचं, खोलता न येणारं, दर काही वर्षांनी बदलायचं. त्यावर ठेंगणी असं लिहिलेलं असेल. हा कारखाना त्यांना नको होता. महिनाअखेर रिकामा करायचा. ह्यांनी फक्त साच्यांबरोबर सुटे भागही नेणार का, एवढं विचारलं, आणि मॅडम म्हणाल्या की ते भंगारात जातील.

मॅडम मागच्या दाराने गेल्या. आम्ही बाहेर आलो तर सगळे आमच्याच वाटेकडे डोळे लावून उभे. कुणी बिस्किटांचे पुडे फोडले होते, बाळ राजाचा अंगरखा ओढत होतं. बसवाले काका पुढे आले. त्यांचा चेहरा एखाद्या पोराने पहिला नंबर आणावा तसा फुलला होता. त्यांनी विचारलं की काय, पसंत पडलो ना आम्ही?

ह्यांनी खिशातून किल्ली काढली, कोठीचं दार उघडलं आणि सुट्या भागांचे डबे एकेक करून बाहेर आणून टेबलावर ठेवायला लागले. शटल, बॉबिन केस, स्प्रिंगा, दाते, पट्टे. म्हणाले, घ्या, प्रत्येकाने घ्या, पिशव्या भरून घ्या. आधी लोकांना वाटलं, सौदा जमला म्हणून हे खुशीने वाटतायत. टाळी पडली, दोन-चार हात पुढे झाले. शिवणबाईंनी मात्र घेतलेला डबा हातातच धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला चेहरा सावरता आला नाही.

"दादा," बाई म्हणाल्या, "हे किती वर्षं पुरेल?"

"तुमच्या हयातीला पुरेल," हे म्हणाले.

ज्यांचे हात पुढे झाले होते ते मागे आले. काकांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते कुठे ठेवावं त्यांना कळत नव्हतं. आमचं काही चुकलं का, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मग ते ह्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की दादा, आता दर शनिवारी आमच्याकडे या. इस्त्रीवाल्याच्या खोलीत भरपूर जागा आहे, तुमच्यासाठी बाक करू, अगदी असाच करू.

ह्यांनी हातातल्या शटलवरचं तेल अंगठ्याने पुसलं. कुरबूर नाही, राग नाही. साधं विचारावं तसं विचारलं.

"येऊन मी काय करू, काका? तुम्हाला सगळं येतं."

काका उत्तरासाठी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. शिवणबाई खाली पाहत होत्या, दाढीवाला अंगरख्याची घडी घालत होता. ह्यांनी शटल डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि डबा काकांच्या हातात दिला.